‘अंडरस्टँड’मधला ‘अंडर’

नमस्कार. ‘अंडरस्टँड’ म्हणजे समजणे, आणि त्यातला ‘अंडर’ म्हणजे ‘खाली’ नव्हे तर ‘मध्ये’, आपल्या ‘अंतर्’चा नातलग, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘अंडर म्हणजे खाली, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं, ते नाकारून कसली विद्वत्ता दाखवताय?’ हा तुमचा पहिला सवाल. मग तुम्ही म्हणता की समजून घ्यायचं तर आधी खाली उभं राहावं लागतं, नम्र व्हावं लागतं, आणि ‘अंडरस्टँड’चा खरा अर्थ तोच. दाखला उपनिषदाचा: शिष्य गुरूपाशी खाली बसतो. इतका सुंदर अर्थ मी मोडीत काढला, ही तुमची खंत. आणि जाता जाता टोमणा, ‘जे ते संस्कृतला नेऊन चिकटवायची खोड.’

टोमण्याचं आधी उरकतो. हे क्रियापद संस्कृतातून आलं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. या दोन भाषा एकाच घराण्यातल्या लांबच्या बहिणी. ‘स्टँड’ आणि आपला ‘स्था’ धातू एकाच मुळातून फुटले. चिकटवण्याचा प्रश्नच नाही.

आता ‘खाली’कडे वळू. पोराला ठाऊक असतो तो आजचा अर्थ, आणि हे क्रियापद हजार वर्षांहून जुनं आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्सच्या राजा आल्फ्रेडनं एका लॅटिन ग्रंथाचं भाषांतर केलं. त्याच्या प्रस्तावनेत तो कुरकुरतो की हंबर नदीच्या अलीकडे आपल्या प्रार्थनाविधींचा अर्थ इंग्रजीत समजू शकणारे लोक फारच थोडे उरले होते. तिथे हेच क्रियापद आहे, याच अर्थानं. त्या काळच्या इंग्रजीत ‘अंडर’चा अर्थ ‘खाली’ होता, तसाच ‘मध्ये’ही होता. मुळात हे दोन वेगळे शब्द: एकाचं नातं आपल्या ‘अधस्’शी, दुसऱ्याचं ‘अंतर्’शी आणि लॅटिन ‘इंटर’शी. जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळात, त्यांचे उच्चार झिजत झिजत सारखे झाले आणि दोघं एकाच सदऱ्यात शिरले. जर्मन माणूस आजही ‘उंटर उन्स’ म्हणतो ते ‘आपल्या खाली’ या अर्थानं नव्हे, तर ‘आपल्या आपल्यात’ या अर्थानं. तेव्हा ‘अंडरस्टँड’ म्हणजे बहुधा गोष्टीच्या मधोमध, तिच्या आत उभं असणं. लॅटिनमध्येही ‘समजणे’ याला ‘इंतेल्लिगेरे’ म्हणत. त्यात ‘इंटर’ आहे, म्हणजे अनेकांमधून निवडणं, आणि ‘इंटेलिजंट’ आला तो तिथूनच.

बरं, समजण्यासाठी उभं राहायची कल्पना एकट्या इंग्रजीची नाही. जर्मनमध्ये ‘फेरश्टेहेन’, त्यातही उभं राहणंच. ग्रीक ‘एपिस्तामाय’ म्हणजे ‘मला ठाऊक आहे’, त्यातही तोच ‘स्था’, आणि ‘एपिस्टेमॉलॉजी’, म्हणजे ज्ञानमीमांसा, त्याच घरातली. यातल्या कुठल्याही शब्दात ‘खाली’ नाही. उलट जर्मनमध्ये शब्दशः ‘खाली उभं राहणं’ असलेलं ‘उंटरश्टेहेन’ आहे, त्याचा आजचा अर्थ काय? एखाद्याच्या हाताखाली असणं! साहेबाच्या हाताखाली राहून त्याचं म्हणणं कळतंच असं नाही, हे तुम्हीही मान्य कराल.

तुमची कल्पना नवीन नाही, हेही सांगायला हवं. शेक्सपिअरच्या ‘टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’मध्ये लॉन्स नावाचा नोकर काठीला रेलतो आणि म्हणतो, माझी काठी मला समजते. दुसरा म्हणतो, हो, ती तुझ्याखाली उभी आहे खरी. त्यावर लॉन्स ठोकून देतो की खाली उभं राहणं आणि समजणं एकच. प्रेक्षक हसले असतील ते ही व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेली आहे हे कळल्यामुळेच.

उपनिषदाचं म्हणाल तर ‘उप’ आणि ‘नि’ म्हणजे जवळ खाली बसणं, ही फोड प्रचलित आहेच. पण कठोपनिषदावरच्या भाष्यात शंकराचार्य ‘सद्’ धातूचे अर्थ वेगळेच घेतात: विशरण (नाश होणं), गती (जाणं), अवसादन (शिथिल करणं). म्हणजे अविद्येचा नाश करणारी, ब्रह्माकडे नेणारी विद्या. बसण्याचा तिथे पत्ता नाही. तुम्ही आधाराला घेतलेला खांबही असा हलता आहे.

तुमच्या बाजूचा पुरावा तुम्ही दिला नाहीत, म्हणून मीच देतो. आपल्या ‘अवगत’मध्ये ‘अव’ आहे, आणि त्याचा एक अर्थ ‘खाली’. म्हणजे खाली जाणं आणि कळणं यांची सांगड भाषेला वर्ज्य नाही. मराठीत तर पटलेली गोष्ट ‘गळी उतरते’! मात्र एका भाषेत घडलं म्हणून ते दुसऱ्या भाषेतही घडलंच असं होत नाही. त्यासाठी त्या भाषेतलेच जुने दाखले लागतात.

एक चूक मात्र माझी, आणि ती तुमच्यामुळे लक्षात आली. ‘अंडर’चा अर्थ ‘मध्ये’ हे मी ‘निर्विवाद’ म्हणून लिहिलं होतं. तसं ते नाही. काही अभ्यासक तिथे ‘जवळ, समोर’ असा अर्थ घेतात, आणि आत उभं राहण्यापासून कळण्यापर्यंत अर्थ कसा सरकला यावरही त्यांचं एकमत नाही. लेखातला ‘निर्विवाद’ मी काढून ‘बहुधा’ केला आहे. ‘अंतर्’ आहे तिथेच आहे.