पंप पाणी उचलत नाही

परवा एका संपूर्ण अनोळखी गृहस्थांनी माझ्या साठ विद्यार्थ्यांच्या देखत मला ‘थोडक्यात लिहीत जा’ असा सल्ला दिला, आणि त्या सल्ल्याला एकतीस जणांनी पसंतीचे बदाम लावले. बदाम लावणाऱ्यांत शेवटच्या बाकावरचा तो विद्यार्थीही होता, ज्याचा आवाज मी वर्षभरात फक्त हजेरीच्या वेळी ऐकला आहे. हे गृहस्थ शिक्षणतज्ज्ञ नव्हते, भाषातज्ज्ञही नव्हते. त्यांचा पंप बिघडला होता.

मी महाविद्यालयात औद्योगिक क्रांतीचा इतिहास शिकवतो. विद्यार्थी वर्गात बोलत नाहीत, तेव्हा ते जिथे बोलतात तिथे आपणच जावे, असा विचार या वर्षी विभागात प्रबळ झाला आणि प्रत्येक अभ्यासक्रमाला एक हॅशटॅग मिळाला. माझ्या अभ्यासक्रमाचा क्रमांक २०४. हॅशटॅगमध्ये नुसते आकडे चालत नाहीत, एखादे तरी अक्षर लागते, म्हणून ‘हिस्टरी’चा एच पुढे लावून आम्ही ‘एच२०४’ केले. जगात याच नावाचा पाण्याचा एक पंप विकला जातो, ही माहिती त्या बैठकीत कोणाकडेही नव्हती.

नियम असा ठरला की प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला तीन नोंदी लिहायच्या, त्यांतली एक दुसऱ्याला दिलेले उत्तर असावे, आणि याला दहा गुण. साठ विद्यार्थी, तीन नोंदी, चौदा आठवडे. हा गुणाकार बैठकीत कोणी केला नाही. मी घरी केला आणि दोन हजार पाचशे वीस हे उत्तर आल्यावर पाणी प्यायलो.

त्यातून ट्विटरवर, म्हणजे आताच्या एक्सवर, लिहिण्याची मर्यादा दोनशे ऐंशी अक्षरांची. ट्विटरने प्रथम एकशे चाळीस अक्षरांची अट घातली होती, कारण मोबाइलचा लघुसंदेश एकशे साठ अक्षरांचा असे आणि त्यातली वीस लिहिणाऱ्याच्या नावासाठी राखून ठेवली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती मर्यादा दुप्पट झाली. हे सारे रोमन लिपीच्या हिशेबाने ठीक आहे. देवनागरीत मात्र डोळ्यांना दिसणारे अक्षर वेगळे आणि यंत्र मोजते ते वेगळे. ‘विद्यार्थी’ या शब्दात आपल्याला तीन अक्षरे दिसतात, पण यंत्र वेलांट्या, काना आणि पाय मोडल्याच्या खुणा वेगवेगळ्या धरून त्याचे दहा तुकडे मोजते. नुसत्या ‘श्री’चे चार होतात. पन्नास मिनिटांच्या तासात ज्याला प्रस्तावनाच पस्तीस मिनिटे लागते, अशा माणसाला या मापात बसवणे म्हणजे काय, हे मला कोणी विचारले नाही. मी माझे म्हणणे चार-चार तुकड्यांत, त्यांवर क्रमांक घालून लिहू लागलो.

गेल्या सोमवारी मी असाच एक प्रश्न टाकला. न्यूकमेनचे वाफेचे इंजिन १७१२ मध्ये खाणीतले पाणी उपसू लागले. वॉटने कोळसा वाचवणाऱ्या स्वतंत्र संघनकाचे, म्हणजे वाफ थंड करण्याच्या वेगळ्या भांड्याचे, पेटंट मिळवले १७६९ मध्ये. मधली सत्तावन्न वर्षे इतका कोळसा खाणारे इंजिन खाणमालकांना परवडले कसे? प्रश्न चांगला होता, हे मी अजूनही म्हणतो. खाणीच्या तोंडाशी न विकला जाणारा बारीक कोळसा जवळजवळ फुकट पडून असे, या उत्तरापर्यंत विद्यार्थी स्वतः पोहोचावेत, अशी माझी अपेक्षा होती. दोन दिवसांत दोन उत्तरे आली. पहिले होते, ‘मी सहमत आहे सर’. प्रश्नाशी सहमत कसे होता येते, याचा मी बराच वेळ विचार केला. दुसरे उत्तर म्हणजे उंचावलेला अंगठा.

बुधवारी संध्याकाळी त्याच हॅशटॅगखाली ते गृहस्थ आले. ‘एच२०४ पाणी उचलत नाही. आवाज करतो पण पाणी नाही. कोणी जाणकार आहे का?’

सत्राच्या सुरुवातीला मी उत्साहाच्या भरात म्हणालो होतो की एखाद्या दिवशी मी अठराव्या शतकातील खाणमालक होऊन तुमच्याशी बोलेन. मी ते विसरलो होतो. विद्यार्थी विसरले नव्हते. सरांनी अखेर सोंग घेतले, असे समजून पाच मिनिटांत एका विद्यार्थिनीने अत्यंत अदबीने विचारले, ‘महाशय, आपली खाण किती खोल आहे?’

‘खाण नाही, विहीर आहे. पंप वर ठेवला आहे. पाणी अकरा मीटर खाली गेले.’

‘मग पंप पाणी ओढणार नाही. पाणी पंपाने ओढले जात नाही, बाहेरच्या हवेच्या दाबाने वर ढकलले जाते, आणि तो दाब फार तर दहा मीटरपर्यंत पुरतो. तोरिचेल्लीने १६४३ मध्ये हे ओळखले होते.’

‘तोरिचेल्ली म्हणजे मेकॅनिक का? त्यांचा नंबर मिळेल?’

‘ते १६४७ मध्ये वारले.’

‘वाईट झाले. मग आता त्यांचे काम कोण बघते?’

या प्रश्नाला शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाने उत्तर दिले. त्याने लिहिले की ते काम पुढे पास्कालने पाहिले, १६४८ मध्ये आपल्या मेहुण्याकरवी पाऱ्याची नळी डोंगरावर नेववली आणि जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो हे दाखवून दिले. म्हणून आपण वर नेण्याऐवजी पंपच खाली न्यावा. प्रत्यक्षात नळीतले घर्षण वगैरे धरता दहा मीटरही मिळत नाहीत, सात-साडेसात धरून चालावे. हे उत्तर दोनशे ऐंशी अक्षरांत बसले नाही, म्हणून त्याने ते दोन तुकड्यांत लिहिले. क्रमांक घालण्याची पद्धत माझी होती, हे नोंदवून ठेवतो.

मी हे पाहिले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि एकोणीस उत्तरे झाली होती. एकाने नळीतली हवा काढण्यासाठी आधी पंपात पाणी भरावे असे सांगितले होते, दुसरीने तळाच्या झडपेत कचरा अडकला आहे का ते पाहायला लावले होते, आणि तिघेजण पंप विहिरीत उतरवताना वीज बंद ठेवा म्हणून बजावत होते. सत्रभर जिची मी वाट पाहत होतो ती चर्चा अशी हॅशटॅगखाली उभी होती, आणि तिच्यात मी कुठेही नव्हतो. चार तुकड्यांत, क्रमांक घालून, मी त्या गृहस्थांना कळवले की प्रस्तुत हॅशटॅग इतिहासाच्या अभ्यासक्रमासाठी राखून ठेवलेला आहे आणि तांत्रिक शंकांसाठी त्यांनी अन्य माध्यमाचा अवलंब करावा. हे अर्थातच खोटे होते. हॅशटॅग राखून ठेवता येत नाही. क्रिस मेसिना यांनी २००७ मध्ये ती खूण सुचवली तेव्हाच ती सर्वांना खुली होती, आणि तिचे सारे मोल त्या खुलेपणातच आहे. मला ते माहीत होते. तरी लिहिले.

त्यांचे उत्तर लगेच आले. ‘पोरे चांगली आहेत, सगळे समजावून सांगतात. तुम्हीही न लाजता विचारा. तुमचा पंप कोणता? आणि थोडक्यात लिहीत जा, पहिला भाग वाचून होईपर्यंत विषय राहत नाही.’

एकतीस बदाम. शुक्रवारी त्यांनी विहिरीत उतरवलेल्या पंपाचे आणि धो धो वाहणाऱ्या पाण्याचे छायाचित्र टाकले. त्याला किती बदाम मिळाले ते मी मोजले नाही.

विभागप्रमुखांना हे कळले तेव्हा ते हसतील अशी माझी भीती होती. त्यांनी त्याहून वाईट केले. त्यांनी या प्रकाराचा समावेश वार्षिक अहवालात ‘समाजाभिमुख अध्यापन’ या शीर्षकाखाली केला आणि जोडीला रेनॉल जुन्को व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासाचा दाखला दिला. एकशे पंचवीस विद्यार्थ्यांवर चौदा आठवडे चाललेल्या त्या प्रयोगात ट्विटर वापरणाऱ्या गटाचा अभ्यासातला सहभाग वाढला आणि गुणही वाढले, हे खरेच आहे. परंतु त्या प्रयोगात अध्यापकही सतत बोलत होते, उत्तरे देत होते, आठवण करून देत होते, हे वाक्य आमच्या अहवालात आले नाही. ते बोलण्याचे तास कोणत्या वेळापत्रकात धरायचे, हेही आले नाही. वर्गातली पन्नास मिनिटे पन्नासाव्या मिनिटाला संपतात. हा वर्ग रात्री अकराला भरतो, रविवारी भरतो, आणि गुणांसाठी लिहिलेल्या ‘मी सहमत आहे’ची खरी गर्दी मुदतीच्या रात्री बारा वाजण्यापूर्वीच्या तीन मिनिटांत होते. ज्यांना चारचौघांत, नावानिशी, कायम टिकणाऱ्या भिंतीवर चूक करायची भीती वाटते, त्या विद्यार्थ्यांनी कुठे बोलायचे, हेही मी बैठकीत विचारले. माझा प्रश्न लांबला, असे मला सांगण्यात आले.

गुणांचा तक्ता हॅशटॅग धरून आपोआप तयार होतो. त्यात या महिन्यात सर्वाधिक सहभागाच्या ओळीवर ते गृहस्थ आहेत. ती ओळ मी काढून टाकली, तर दुसऱ्या दिवशी दोन विद्यार्थिनी माझ्या खोलीत आल्या आणि ‘सर, काकांना निदान उपस्थितीचे गुण तरी द्या’ म्हणाल्या. मी त्यांना त्या सोमवारच्या प्रश्नाचे काय झाले, असे विचारले. त्या एकमेकींकडे पाहत म्हणाल्या, ‘कोणता प्रश्न, सर?’

काल रात्री ते पुन्हा आले आहेत. आता पाणी येते, पण मोटर तापते. मी पाहीपर्यंत त्याखाली सात उत्तरे जमली होती. माझ्या न्यूकमेनच्या प्रश्नाखाली आता तीन आहेत. तिसरे माझेच आहे. पहिल्या तुकड्यात एक वेलांटी चुकली होती, ती मी दुरुस्त केली.