हिरवं दिसलं की जंगल वाढलं?

एक मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. आशय असा: नासाच्या उपग्रहांनीच सिद्ध केलंय की वीस वर्षांत पृथ्वीवर ॲमेझॉनएवढं नवं जंगल उगवलं, त्यात भारत आणि चीन सगळ्यांच्या पुढे, पाण्याचं क्षेत्रही वाढलं, तेव्हा पर्यावरणवाल्यांनी ओरड बंद करावी.

यातला मूळ अभ्यास खरा आहे, म्हणूनच मेसेज पटकन पटतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या शोधपत्रिकेत तो प्रसिद्ध झाला. नासाच्या टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरच्या ‘मोडिस’ उपकरणाच्या २००० ते २०१७ च्या नोंदी तपासल्यावर जगातलं पानांचं क्षेत्र सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. ही वाढ ॲमेझॉनच्या जंगलाच्या क्षेत्रफळाएवढी भरते. पानांचं क्षेत्र, जंगलाचं नव्हे. सगळा घोळ इथेच आहे.

उपग्रहाला झाड दिसत नाही, जमिनीवरून परतणारा प्रकाश दिसतो. हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेतं, तर पानातल्या पेशींची रचना डोळ्यांना न दिसणारा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश भरपूर परतवते. या दोहोंत जितकी तफावत, तितकी पानं जास्त. मग ती पानं सागाची असोत, उसाची की गव्हाची, हिशेब तोच. भारतातल्या या हिरवाईचा तब्बल ८२ टक्के वाटा शेतीचा निघाला, जंगलांचा जेमतेम ४.४ टक्के. ज्या शेतात पूर्वी एक पीक निघायचं तिथे दुसरं-तिसरं घेतलं, की वर्षातले जास्त दिवस जमीन हिरवी दिसते. चीनचं चित्र वेगळं आहे. तिथे ४२ टक्के वाटा जंगलांचा आहे, वृक्षलागवडीचे मोठे कार्यक्रम त्यामागे आहेत, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

शिवाय उपग्रहचित्रातल्या ठिपक्याचा (पिक्सेलचा) आकार बघा. या नोंदींतला एक ठिपका ५०० मीटर बाजूचा, म्हणजे २५ हेक्टरांचा. त्याच्या एका कोपऱ्यातली राई तोडली आणि उरलेल्या जमिनीत पाणी येऊन उन्हाळी पीक उभं राहिलं, तर वर्षाच्या सरासरीत तो ठिपका आधीपेक्षा हिरवा निघू शकतो. राई गेल्याचं त्यात कुठेच उमटत नाही. घनदाट जंगलाची अडचण उलटी. पानांचे थर एका मर्यादेपलीकडे गेले की परतणाऱ्या प्रकाशात फारसा फरक पडत नाही, त्यामुळे आतून विरळ होत चाललेलं जंगलही वरून भरगच्चच दिसतं.

‘मग जंगलतोड खोटी का?’ तीही उपग्रहांनीच मोजलीय. ब्राझीलची अवकाश संशोधन संस्था १९८८ पासून ॲमेझॉनमधली तोड मोजते आहे, तीही मुख्यतः लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या ३० मीटरच्या ठिपक्यांवरून. एकट्या २००४ सालचा आकडा २७ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. ब्राझील, इंडोनेशियासारख्या देशांत नैसर्गिक वनस्पती नष्ट झाल्याने झालेलं नुकसान या नव्या हिरवाईने भरून निघत नाही, असं या अभ्यासाच्या संशोधकांनीच सांगितलं होतं. फॉरवर्ड करताना नेमकी तीच ओळ गळाली.

आता पाणी. दुबार पिकांना पाणी कुठून आलं, याचं उत्तर दुसऱ्या उपग्रहांकडे आहे. २००२ मध्ये सोडलेले ‘ग्रेस’चे दोन उपग्रह एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून एकामागोमाग फिरायचे. खालचं वस्तुमान कमी-जास्त झालं की गुरुत्वाकर्षण बदलतं आणि त्यांच्यातलं अंतर किंचित हलतं. हा मायक्रॉनमधला (मिलिमीटरच्या हजाराव्या भागातला) फरक मोजून भूजलाचा हिशेब लावता येतो. राजस्थान, पंजाब आणि हरियाणा (दिल्ली धरून) या पट्ट्यातून २००२ ते २००८ दरम्यान १०९ घन किलोमीटर भूजल गेल्याचं त्यातून निघालं. त्या वर्षांत पाऊस साधारण नेहमीएवढाच होता, म्हणजे दोष उपशाचा. एक उपग्रह हिरवाई दाखवतो, दुसरा तिची किंमत. मेसेजवाल्यांनी पहिलाच उचलला.

‘पाण्याचं क्षेत्र वाढलं’ हेही अर्धवट. लँडसॅटच्या १९८४ ते २०१५ च्या चित्रांवरून केलेल्या २०१६ च्या अभ्यासात सुमारे १ लाख ८४ हजार चौरस किलोमीटर नवं कायमचं पाणी दिसलं आणि ९० हजार नाहीसं झालेलं. बेरीज छान दिसते. पण नवं पाणी बहुतांशी धरणांच्या जलाशयांचं आहे, आणि गेलेल्यापैकी ७० टक्क्यांहून अधिक मध्यपूर्व आणि मध्य आशियातलं. आटत गेलेलं अरल समुद्र नावाचं मोठं सरोवर त्यातच येतं. कुठलं धरण भरलं म्हणून अरलच्या काठावरच्या मच्छीमाराला काय?

पाणी हिरवं होणं तर बऱ्याचदा वाईटच बातमी असते. जलपर्णीने झाकलेला तलाव अवरक्त चित्रात एखाद्या शेतासारखा उजळ दिसतो. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एरी सरोवरातलं विषारी शेवाळ उपग्रहचित्रांत हिरव्या पट्ट्यांसारखं उमटलं होतं, आणि त्याच दिवसांत त्याच्या काठावरच्या टोलेडो शहरातल्या सुमारे ४ लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं.

जाता जाता, उलट बाजूच्या मंडळींनाही एक विनंती. तलाव आटल्याची ‘आधी-नंतर’ चित्रं टाकताना दोन्हींवरच्या तारखा तपासा. एक ऑक्टोबरचं आणि दुसरं मेचं असेल, तर फरक ऋतूचाही असू शकतो.