टॉवरखालचा साप आणि इंजेक्शन

यंदाच्या मृगापासून आमच्या यवतमाळकडच्या गावांत एक मेसेज फिरतोय. मोबाइल टॉवरच्या रेडिएशनने साप बिळं सोडून घरात शिरतात, घोरपडी वांझ झाल्या, आणि टॉवरखालच्या सापाचं विष इतकं जहाल झालंय की दवाखान्यातलं इंजेक्शन लागूच पडत नाही.

साप घरात का येतात हे वावर कसणाऱ्याला सांगायला नको. पावसाचं पाणी बिळात शिरतं, उंदीर कुटारात आणि पोत्यांमागे येतात, त्यांच्या मागे साप. टॉवर नव्हते तेव्हाही हेच होतं.

वांझपणाची गोष्ट मात्र अगदीच बिनबुडाची नाही. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात, रॉक व्हॅलीत, १९६०च्या दशकात शास्त्रज्ञांनी खरोखरच एका टॉवरवर सीझियम-१३७ हा किरणोत्सारी पदार्थ ठेवला आणि कुंपणातल्या सरड्यांवर वर्षानुवर्षं गॅमा किरणं पडू दिली. जास्त वर्षं जगणाऱ्या जातींच्या माद्या वांझ झाल्या. पण गॅमा किरणं अणूतला इलेक्ट्रॉन उडवतात, डीएनए तोडतात. मोबाइलच्या रेडिओलहरींत तेवढी ताकद नसते. जोर फार वाढवला तर त्या ऊब देतात, एवढंच. जपानात फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातल्या २०११च्या अपघातानंतर सापांच्या अंगात सीझियम सापडलं, कारण तिथल्या मातीतच ते पडलं होतं. आपल्या टॉवरवर सीझियम नसतं. घोरपडी कमी दिसतात हे खरंय, पण मांसासाठी, तेलासाठी त्या कोण मारतं हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. कायद्याने बंदी असून हे चालतं, आणि बोल टॉवरला लागतो, याचा मला राग येतो.

विषाचं तर उलटंच आहे. प्रयोगशाळेत विषावर कोबाल्ट-६०ची गॅमा किरणं सोडली की त्याचा जहालपणा घटतो.

इंजेक्शनबद्दलची ओळ सगळ्यांत घातक. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनतं. साप टॉवरखालचा की नाल्यातला, याने काही बदलत नाही. मण्यार रात्री भुईवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात, मग श्वास अडतो. त्या घटकेला घरच्यांच्या डोक्यात हा मेसेज असला, तर गाडी मांत्रिकाच्या दाराशी थांबते.

ज्यांनी तो पुढे पाठवला, त्यांनी आज त्याच ग्रुपवर १०८ हा नंबर टाकावा.