'बॉक्स उघडायचाच नाही' या सल्ल्याचा प्रतिवाद

गेल्या महिन्यात माझा भाचा एक ॲक्शन फिगर, म्हणजे सांधे वळवता येणारी प्लास्टिकची छोटी मूर्ती, घेऊन माझ्याकडे आला आणि काही न बोलता त्याने ती टेबलावर ठेवली. सहा इंची स्पायडर-मॅन होता. भाचा चौथीत असताना मीच त्याला दिलेला. छातीवरच्या कोळ्याचे डावीकडचे पाय पुसले गेले होते, लाल रंगावरच्या बारीक काळ्या जाळीरेषांचा राखट धब्बा झाला होता, आणि जिथे पूर्वी गुळगुळीत पृष्ठभाग होता तिथे बोट टेकवले की बोटाचा ठसा उमटत होता. "मावशी, त्या मेसेजमध्ये असंच करायला सांगितलं होतं," एवढेच तो म्हणाला.

तो मेसेज तोपर्यंत मलाही चार-पाच ठिकाणांहून येऊन गेला होता आणि मी तो न वाचता पुसून टाकला होता, याचे मला आता वाईट वाटते. 'अस्सल संग्राहकाचे सात नियम' अशा शीर्षकाखाली त्यात जे सांगितले आहे ते थोडक्यात असे: सुपरहिरोंच्या फिगर्स ही खेळणी नसून मालमत्ता आहे, म्हणून बॉक्स कधीही उघडू नये, कारण सीलबंद फिगर शंभर वर्षे जशीच्या तशी राहते, बॉक्स आधीच उघडला असेल तर फिगर पॉलिथिनच्या पिशवीत घालून, हवा काढून, टेप लावून बंद करावी, फिगर चिकट झाली तर ते विषारी तेल असते, ते नेलपॉलिश रिमूव्हरने पुसावे, जितके जॉइंट, म्हणजे वळणारे सांधे, जास्त तितकी फिगर चांगली, तळपायावर किंवा पाठीवर कोरलेले वर्ष हे उत्पादनाचे वर्ष असते आणि ते बॉक्सवरच्या वर्षाशी जुळले नाही तर माल नकली समजावा, मर्यादित आवृत्तीची किंमत वाढतच जाते, आणि फिगर उघडून परीक्षण करणारे सगळे कंपन्यांचे पगारी लोक असतात, त्यांचे काही ऐकू नये. मी गेली नऊ वर्षे अशी परीक्षणे लिहिते आहे, त्यामुळे शेवटचा नियम माझ्यावरच आहे. पण सुरुवात मी तिसऱ्यापासून करते, कारण त्यानेच सर्वांत जास्त नुकसान होते आहे.

नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असते. बहुतेक सहा इंची फिगर्स दोन प्रकारच्या प्लास्टिकच्या बनलेल्या असतात: केस, केप, पट्टे, बऱ्याचदा हात-पाय असे लवचिक भाग पीव्हीसीचे, आणि धड किंवा सांध्यांचे आतले तुकडे असे कडक भाग एबीएसचे. ॲसिटोनमध्ये एबीएस अक्षरशः विरघळते; पीव्हीसी फुगते आणि मऊ पडते. रंगाचे तर नावच घ्यायला नको, कारण रंग काढणे हेच ज्याचे काम आहे तो द्रव आपण रंगवलेल्या वस्तूवर चोळत असतो. छातीवरचे चिन्ह, डोळ्यांतल्या बाहुल्या, जाळीच्या रेषा हे सारे केसाएवढ्या जाडीच्या छपाईचे काम असते. कापसाच्या एका बोळ्यात ते निघून येते आणि ते घरी परत काढता येत नाही. माझ्या भाच्याने एकच फटका मारला होता आणि तो लगेच थांबला, तरी छाती गेली ती गेलीच.

आता 'विषारी तेल' म्हणजे काय ते पाहू. पीव्हीसी मुळात कडक आणि ठिसूळ असते. ते वाकावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळतात, आणि मऊ पीव्हीसीमध्ये त्याचे प्रमाण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही असू शकते. हा प्लास्टिसायझर प्लास्टिकला पक्का बांधलेला नसतो, त्यामुळे काळ गेला आणि उष्णता मिळाली की तो हळूहळू पृष्ठभागावर येतो आणि फिगर हाताला चिकट लागते. यातल्या थॅलेट गटातील काही रसायनांवर मुलांच्या खेळण्यांत निर्बंध आहेत. अमेरिकेच्या २००८ च्या कायद्याने त्यांची मर्यादा ०.१ टक्का ठरवली, आणि युरोपीय संघाने २००५ मध्येच तसा निर्देश काढला होता. तेव्हा मेसेज लिहिणाऱ्याची भीती पूर्णपणे निराधार आहे असे मला म्हणता येत नाही: चिकट झालेली जुनी फिगर लहान मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नये आणि ती हाताळल्यावर हात धुवावेत. पण त्यावर उपाय कोमट पाणी, भांडी घासण्याच्या सौम्य साबणाचे दोन-चार थेंब आणि मऊ ब्रश एवढाच आहे. छापील भागावर ब्रश न घासता बोटाने हलकेच फिरवावे, कापडी पोशाख असेल तर हे मुळीच करू नये, आणि नंतर फिगर सावलीत पूर्ण वाळू द्यावी.

मात्र ही फिगर चिकट झालीच का, याचे उत्तर मेसेजच्या दुसऱ्या नियमात आहे. भाच्याने ती सात-आठ महिने पॉलिथिनच्या पिशवीत आवळून, टेप लावून कपाटावर ठेवली होती. ती पिशवी मी मागवून घेतली. जिथे जिथे प्लास्टिक छातीला आणि मांड्यांना चिकटून बसले होते तिथे पिशवीच्या आतल्या बाजूला तेलकट डाग पडले होते, आणि एका डागात तर गुडघ्याच्या वाटीचा आकारही ओळखू येत होता. मऊ पीव्हीसीच्या वस्तू संग्रहालयात कशा जपाव्यात याचा सखोल अभ्यास डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातील संशोधक इव्हॉन शशुआ यांनी केला आहे. २००१ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा माझ्यासारख्यांना उपयोगी पडणारा निष्कर्ष असा की पॉलिथिनच्या पिशव्या प्लास्टिसायझर स्वतःत शोषून घेतात आणि त्यामुळे वस्तूतून तो अधिक वेगाने निघून जातो. याउलट काचेसारख्या, काहीही न शोषणाऱ्या बंद भांड्यात हे नुकसान पुष्कळ मंदावते. म्हणजे मेसेजमध्ये जी पिशवी संरक्षण म्हणून सांगितली आहे ती प्रत्यक्षात टिपकागदाचे काम करते. ज्यांनी हा सल्ला पाळला असेल त्यांनी आजच पिशव्या काढाव्यात, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

याच अभ्यासामुळे पहिल्या नियमातले अर्धे सत्य मला, मनाविरुद्ध का होईना, मान्य करावे लागते. बंदिस्त जागेत प्लास्टिसायझर कमी उडून जातो हे खरे आहे, आणि बॉक्समध्ये धूळ बसत नाही हेही खरे. पण कंपनीचा बॉक्स म्हणजे संग्रहालयातील काचेचे भांडे नव्हे. तो पुठ्ठा आणि पातळ प्लास्टिकचा असतो, आतला ट्रे फिगरच्या अंगाला अनेक ठिकाणी टेकलेला असतो, आणि बाहेर आलेला चिकटपणा पुसायला तिथे कुणाचा हात पोहोचत नाही. बारा इंची, म्हणजे एक-षष्ठांश प्रमाणातील फिगर्सची गत याहून वाईट आहे, कारण त्यांच्या पोशाखांत कृत्रिम चामडे वापरतात आणि त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर हवेतील ओलाव्याने हळूहळू विघटित होतो. ज्यांचे सील कधी तुटलेच नाही अशा बॉक्समधूनही तडकलेले, पापुद्रे सुटलेले जॅकेट बाहेर येते. वर्षानुवर्षे एकाच अवस्थेत बसून सांधेही आखडतात, विशेषतः रंग सांध्याच्या फटीत वाळलेला असेल तर. अशा वेळी जोर लावला की आतला पेग, म्हणजे सांधा जोडणारी खुंटी, पिळवटून तुटतो. तो भाग गरम पाण्यात मिनिटभर धरून मऊ करावा आणि मगच हलवावा. शंभर वर्षांची हमी कुणीही देऊ शकत नाही, कारण 'ॲक्शन फिगर' हा शब्दच हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने १९६४ साली जी. आय. जो या आपल्या सैनिक-फिगरसाठी रूढ केला, आणि मेगो कंपनीच्या कापडी पोशाखातल्या आठ इंची सुपरहिरोंची मालिका १९७२ पासूनची आहे. शंभर वर्षे वयाची एकही ॲक्शन फिगर अजून जगात नाही.

'खेळणी नव्हे, मालमत्ता' या वाक्यावर मात्र एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या काळी मार्व्हलच्या फिगर्स बनवणारी टॉय बिझ कंपनी अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याविरुद्ध न्यायालयात गेली होती. एक्स-मेन आणि इतर पात्रांच्या फिगर्सना 'बाहुली' म्हटले तर १२ टक्के शुल्क पडत होते आणि 'इतर खेळणी' म्हटले तर ६.८ टक्के. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने निकाल दिला की ही पात्रे निव्वळ माणसे नसल्याने या फिगर्स बाहुल्या ठरत नाहीत, त्या खेळणी आहेत. उत्पादक स्वतः न्यायालयात जाऊन ज्यांना खेळणी म्हणतो, त्यांना हात लावणे हा गुन्हा असल्यासारखे एखाद्या मुलाला सांगणे मला अन्यायाचे वाटते.

किमतीच्या नियमाविषयी फार लिहीत नाही. सीलबंद फिगरला उघडलेल्या फिगरपेक्षा सहसा जास्त किंमत मिळते, हे मान्य. पण किंमत वाढतच जाते हे खोटे आहे. नव्वदच्या दशकातील सुपरहिरो फिगर्स मोठ्या संख्येने निघाल्या आणि पुढे भाव येईल म्हणून असंख्य लोकांनी त्या बंदच ठेवल्या. आज त्यांतल्या कित्येक सीलबंद अवस्थेत सहज मिळतात, त्यामुळे त्या दुर्मीळ नाहीत. शिवाय मागणी दिसली की कंपनी तोच साचा नव्या रंगात पुन्हा काढते.

कोरलेल्या वर्षाचा नियम कंपन्यांची कामाची पद्धत माहीत नसल्याने लिहिलेला आहे. ते वर्ष स्वामित्वहक्काचे असते आणि बहुधा त्या विशिष्ट भागाचा साचा कधीचा आहे हे सांगते. एकच धड आणि तेच हात-पाय घेऊन नुसते डोके, केप आणि रंग बदलून अनेक पात्रे वर्षानुवर्षे काढली जातात. या वर्षीच्या फिगरच्या पाठीवर दहा वर्षांपूर्वीचे वर्ष असणे हे या व्यवसायात रोजचेच आहे. नकली माल ओळखायचा तर फुगलेल्या, अस्पष्ट बोटांकडे, बॉक्सवरच्या चुकीच्या स्पेलिंगकडे आणि स्वामित्वहक्काची ओळच गायब आहे का याकडे पाहावे.

जास्त जॉइंट म्हणजे चांगली फिगर, हा समज चांगल्या जाणकारांतही आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते. आजच्या चांगल्या सहा इंची फिगरला तीसहून अधिक जॉइंट असतात, पण संख्या बॉक्सवर छापता येते आणि हालचाल छापता येत नाही. दुहेरी कोपर असूनही दंडाचा उंचवटा आड आल्याने हात काटकोनापलीकडे वळत नाही. कमरेच्या जाड पट्ट्यामुळे मांडी पुढे उचलली जात नाही. घोटा बाजूला कललाच नाही तर पाय फाकवून उभी केलेली फिगर तळव्याच्या कडेवर डुगडुगते. परीक्षण करताना मी प्रत्येक सांधा शेवटपर्यंत नेऊन पाहते, मग फिगर एका पायावर उभी करून रात्रभर सोडते आणि सकाळी ती कुठे आहे ते बघते. याउलट केनर कंपनीच्या १९८४ च्या सुपर पॉवर्स मालिकेतल्या फिगर्सना मोजकेच जॉइंट होते, पण सुपरमॅनचे पाय दाबले की तो ठोसा मारायचा, आणि त्या एका युक्तीसाठी लोक आजही त्या जपून ठेवतात. जे जॉइंट मला खरोखर मोलाचे वाटतात त्यांत खांद्यातला बटरफ्लाय जॉइंट पहिला, कारण त्यामुळे दंड छातीच्या पुढे ओढून घेता येतो. तो नीट बसवला आहे की छातीत नुसती भेग पाडून ठेवली आहे, हे बॉक्सबाहेर काढल्याशिवाय कुणालाही कळत नाही.

म्हणूनच शेवटचा नियम मला सर्वांत जास्त लागला. काही परीक्षकांना कंपन्यांकडून फुकट नमुने येतात आणि काही जण ते सांगत नाहीत, हे खरे आहे आणि वाईट आहे. वाचकाने ते विचारलेच पाहिजे. मी माझ्या फिगर्स विकत घेते आणि तसे प्रत्येक परीक्षणात लिहिते. पण उघडणाऱ्यांचे ऐकूच नका म्हणणे म्हणजे ग्राहकाचे डोळे बांधणे आहे. हॅस्ब्रोने वेष्टनातील प्लास्टिक कमी करण्याच्या धोरणाखाली २०२२ च्या सुमारास मार्व्हल लेजेंड्स या मालिकेतल्या सहा इंची फिगर्स खिडकी नसलेल्या बॉक्समध्ये काढल्या, आणि २०२३ मध्ये प्लास्टिकच्या खिडक्या परत आणल्या. मधल्या काळात एक डोळा वर आणि एक खाली छापलेला आहे का, हे विकत घेणाऱ्याला बॉक्सवरून कळायचा मार्गच नव्हता. त्याला आधार होता तो कुणीतरी उघडून, सहा बाजूंनी छायाचित्रे काढून लिहिलेल्या परीक्षणांचाच.

भाच्याच्या स्पायडर-मॅनची जाळी परत येणार नाही. आम्ही दोघांनी तो साबणाच्या पाण्याने धुतला, दोन दिवस सावलीत वाळवला आणि आता तो खिडकीपासून लांब, मोकळ्या फळीवर उभा आहे. त्याच्या खांद्यात बटरफ्लाय जॉइंट आहेत. भाच्याने दोन्ही हात पुढे ओढून छातीसमोर असे धरले आहेत की पुसलेला भाग समोरून दिसत नाही.