'खरी स्पॅनिश फक्त स्पेनची'? एका फॉरवर्डचा प्रतिवाद

परदेशी भाषा शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: शुद्ध स्पॅनिश फक्त स्पेनमध्ये बोलतात. अमेरिका खंडात गेल्यावर ती बिघडली. तिथल्या लोकांनी 'थ' गमावला, 'तुम्ही'चं रूप टाकून दिलं आणि अर्जेंटिनावाल्यांनी तर व्याकरणाचीच वाट लावली. स्पेनमधला तो 'थ' एका बोबड्या राजाची नक्कल करता करता रुजला. नियम माद्रिदची अकादमी ठरवते. तेव्हा शिकायची तर स्पेनचीच शिका, ती सगळीकडे चालते.

एकाच मजकुरात 'थ' ही शुद्धतेची खूण आहे आणि बोबडेपणाची नक्कलही आहे. फॉरवर्ड करणाऱ्यांना हे खटकत नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

राजाची गोष्ट आधी निकालात काढू. १४व्या शतकातला, आजच्या स्पेनमधल्या कास्तीय राज्याचा राजा पेद्रो पहिला थोडा बोबडा बोलत असे, अशी नोंद त्याच्या काळच्या बखरीत आहे. पण तो १३६९ मध्ये मारला गेला आणि हा उच्चार घडला १६व्या-१७व्या शतकांत. इतक्या जुन्या राजाची नक्कल करायला दरबारी कुठून आणायचे? शिवाय बोबडा माणूस दिसेल त्या 'स'चा 'थ' करतो. माद्रिदचा माणूस आभार मानताना 'ग्राथियास' म्हणतो, पण त्याच शब्दाच्या शेवटी 'स' नीट उच्चारतो. 'कासा' म्हणजे घर आणि 'काथा' म्हणजे शिकार, यात तो कधी गल्लत करत नाही. (हा 'थ' आपल्या 'थंडी'तला नव्हे, इंग्रजी 'थिंक'मधला, जिभेचं टोक दातांमध्ये आणून काढलेला.)

मग 'थ' आला कुठून? जुन्या कास्तीयनमध्ये, म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये, 'स'च्या कुळातले सहा ध्वनी होते. त्यांतला एक मराठी माणसाच्या तोंडात आजही आहे: 'चाक'मधला च. 'ग्राथियास'मधल्या आजच्या 'थ'च्या जागी त्या काळी तोच होता. 'जास्त'मधल्या ज-सारखाही एक होता. इतके ध्वनी तोंडात एकमेकांना खेटून असले की ते टिकत नाहीत. काही मिसळतात, काही लांब सरकतात. उत्तर स्पेनमध्ये ते लांब सरकले. हा 'च' पुढे दातांवर येऊन 'थ' झाला आणि 'श' मागे घशात जाऊन आजचा 'ख' झाला. दक्षिणेत, सेविया आणि आसपासच्या आंदालुसियात, हाच 'च' आणि 'स' मिसळून एकच ध्वनी उरला. कुठे तो 'स' आहे, तर कादिसच्या बाजूला अनेक गावांत सरसकट 'थ'. म्हणजे उत्तर आणि दक्षिण दोघींनीही जुनं घर सोडलं. एकीला शुद्ध आणि दुसरीला भ्रष्ट म्हणायला भाषेच्या इतिहासात आधार नाही.

'अमेरिकेत थ हरवला' हे म्हणणं इथेच कोसळतं. १५०३ मध्ये सेवियात व्यापारी कचेरी स्थापन झाली आणि नव्या जगाकडे जाणारी जहाजं, माणसं, माल यांचा मार्ग कायद्याने सेवियातूनच ठरला. सुरुवातीच्या वसाहतकऱ्यांत सर्वांत मोठा गट आंदालुसियाचा होता, आणि जहाजं वाटेत कॅनरी बेटांवर थांबत. त्यांच्या बोलीत आजचा 'थ' रुजलेलाच नव्हता. जे नव्हतं ते हरवणार कसं? मेक्सिको किंवा लिमामधला 'स' हा सेवियातून गेलेला 'स' आहे. सेविया शहरात आणि कॅनरी बेटांवर तो आजही ऐकू येतो, आणि ही दोन्ही ठिकाणं स्पेनमध्येच आहेत. 'तुम्ही'चंही तेच. अनेकांना उद्देशून घरगुती 'बोसोत्रोस' न वापरता 'उस्तेदेस' म्हणण्याची रीत कॅनरी बेटांवरही आहे आणि पश्चिम आंदालुसियातही.

आता अर्जेंटिनाचा 'बोस', म्हणजे आपल्या 'तू'साठी स्पॅनिशमधलं 'तू' न म्हणता 'बोस' म्हणणं. फॉरवर्डमध्ये याला रस्त्यावरची भाषा म्हटलंय. खरं तर 'बोस' हे मध्ययुगीन स्पेनमधलं आदरार्थी संबोधन, अगदी राजालाही चालणारं. पुढे ते इतकं स्वस्त झालं की १६व्या शतकात कोणाला 'बोस' म्हणणं अपमान ठरू लागलं. मग आदरासाठी 'वुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', हे भारदस्त संबोधन आलं. तेच झिजून आजचं 'उस्तेद' झालं. जवळच्यांसाठी 'तू' पुन्हा वर आलं. मेक्सिको आणि लिमा या व्हाइसरॉयांच्या राजधान्या. तिथे दरबाराची नवी फॅशन लवकर पोहोचली आणि 'बोस' मावळलं. ब्वेनोस आयरेस, मध्य अमेरिका हे प्रदेश तेव्हा आडबाजूला होते, तिथे ते राहिलं. म्हणजे जुनेपणा हीच शुद्धता असेल, तर इथे पारडं अर्जेंटिनाकडे झुकतं. तिथे 'बोस तेनेस', 'बोस सोस' ही रूपं शिक्षक, मंत्री, वृत्तनिवेदक सगळे वापरतात, आणि १९८२ मध्ये अर्जेंटिनाच्या अकादमीने ती प्रमाण मानली.

स्पेनमधल्या ज्या भागाला सर्वांत शुद्ध म्हणतात त्या बायादोलिदचं काय? तिथे आणि माद्रिदमध्येही 'मी तिला सांगितलं' यासाठी 'ले दिखे' न म्हणता 'ला दिखे' म्हणणारे पुष्कळ भेटतात. अकादमी हा प्रयोग चूक मानते. मेक्सिकोतल्या शाळकरी पोराकडून ही चूक होत नाही. बुर्गोस आणि बास्क प्रदेशात 'जर'नंतर क्रियापदाचं चुकीचं रूप वापरण्याची सवय तर जगजाहीर आहे.

शब्दांबद्दल फार लिहीत नाही. अरबीतून आलेले तेल, साखर, उशी हे शब्द रोज वापरणाऱ्या भाषेत शुद्ध रक्त शोधण्यात अर्थ नाही. एकच मासला देतो. बटाट्याचा 'पापा' हा दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतला मूळ शब्द अमेरिका खंडात आणि कॅनरी बेटांवर जसाच्या तसा आहे; स्पेनने त्यात रताळ्याचा 'बटाटा' मिसळून 'पटाटा' केला. पोर्तुगीजांनी आपल्याकडे पोहोचवला तो हाच रताळ्याचा शब्द.

'नियम माद्रिद ठरवते' हेही जुनं झालं. स्पेनची अकादमी १७१३ची, कोलंबियाची १८७१ची. १९५१ मध्ये मेक्सिकोत झालेल्या बैठकीतून सगळ्यांची संघटना उभी राहिली. आज तिच्यात २३ अकादम्या आहेत, फिलिपिन्स आणि इक्वेटोरियल गिनीसकट. २००९चं मोठं व्याकरण आणि २०१०ची शुद्धलेखनाची नियमावली तेव्हाच्या सगळ्या अकादम्यांनी मिळून काढली. त्याच्याही आधी, १८४७ मध्ये, कराकासमध्ये जन्मलेल्या आंद्रेस बेयोने चिलीत राहून व्याकरण लिहिलं. ते खास अमेरिकेतल्या वाचकांसाठी होतं, आणि स्पॅनिश व्याकरणाच्या इतिहासात त्याचं स्थान आजही पहिल्या रांगेतलं आहे.

राहिली 'स्पेनची शिका, सगळीकडे चालते' ही सूचना. चालते हे खरं, पण मेक्सिकोचीही चालते. मेक्सिकोची लोकसंख्या सुमारे १३ कोटी, स्पेनची ५ कोटींच्या आत. आणि चालण्यालाही हद्द असते: स्पेनमध्ये बस 'पकडायला' जे साधं क्रियापद लागतं, 'कोखेर', ते मेक्सिको किंवा अर्जेंटिनात अश्लील आहे; तिथे चारचौघांत उच्चारून बघा, समोरचे लाल होतील किंवा खो खो हसतील.

मात्र उलट टोकाला जाऊन 'आम्ही लॅटिन अमेरिकन स्पॅनिश शिकवतो' अशी जाहिरात करणारे क्लासही तितकेच ढोबळ बोलतात. हवानात शब्दाच्या शेवटचा 'स' विरून जातो, मेक्सिको सिटीत तो ठणठणीत राहतो आणि उलट स्वरच गिळले जातात. 'मी'साठीचा 'यो' ब्वेनोस आयरेसमध्ये 'शो' होतो. बोगोतात नवरा-बायकोही एकमेकांना 'उस्तेद' म्हणतात. यांतली कोणती एक स्पॅनिश क्लास शिकवणार, हे फी भरण्याआधी विचारावं. तुमचा ग्राहक मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराचा असेल तर तिथली शिका, बार्सिलोनाला शिकायला जाणार असाल तर स्पेनची. परीक्षेची चिंता करू नका. 'सिएले' ही स्पॅनिशची परीक्षा इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेने सालामांका, मेक्सिको आणि ब्वेनोस आयरेस इथल्या विद्यापीठांसोबत मिळून तयार केली आहे, आणि तिच्यात 'ग्रासियास' म्हटलं म्हणून कुणाचे गुण कापले जात नाहीत.