मरीन प्लाय घ्या, पण पाण्यापासून लांब ठेवा

तापीकाठच्या माणसाने शिडाची होडी घेऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही. तेव्हा घ्याच. शक्यतो जुनी घ्या, मुंबईकडच्या एखाद्या क्लबाने अडगळीत काढलेली. माझी आहे ती एंटरप्राइज जातीची. जॅक होल्ट नावाच्या इंग्रजाने १९५६ साली आखलेली, सव्वातेरा फुटी, निळ्या शिडांची, सगळी प्लायवूडची. टेम्पोत घालून जळगावला आणा, अंगणात कडुनिंबाखाली उपडी ठेवा आणि गल्लीला सांगून टाका, "दिवाळीला हतनूर धरणाच्या पाण्यात उतरवतो." कोणत्या दिवाळीला, ते सांगू नका.

वेळेची चिंता तर अजिबात नको. नौदलाचे दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टमध्ये 'म्हादेई' ही शिडाची नौका घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि २०१० च्या मेमध्ये पृथ्वीला वळसा घालून परत आले. तेवढ्या काळात तुमची होडी कडुनिंबाखालून पोर्चमध्ये येते.

मिस्तरी नेहमी ओळखीचाच धरा. अनोळखी माणूस "जमणार नाही" म्हणून मोकळा होतो, ओळखीचा "उद्या सकाळी येतो भाऊ" म्हणतो. ही सकाळ आखाजीनंतर उगवणार असते, मग पेरणीनंतर, मग पोळ्यानंतर. पुढे लग्नसराई लागते. मधे कधीतरी तो तुम्हाला कोणाच्या तरी मॉड्युलर किचनवर काम करताना दिसतो आणि तुम्हालाच विचारतो, "काय भो, होडी राहिलीच का मग?"

इपॉक्सीचं, म्हणजे प्लाय जोडायच्या दोन भागी गोंदाचं, काम मे महिन्यात काढा. पारा पंचेचाळीसच्या वर असतो. रेझिन आणि हार्डनर मगात कालवायचं, हातमोजे चढवायचे, तोवर मगातून धूर निघतो आणि आतला माल दगड होतो, काडीसकट. जाणकार लोक पहाटे उठून पसरट ताटलीत थोडं थोडं कालवतात. तुम्हीही उठा, आणि पहाटेच सँडर चालवा म्हणजे शेजारी जोडले जातात.

पावसाळ्यात होडी ताडपत्रीने घट्ट बांधून ठेवा. खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्याने लाकूड लवकर कुजतं, आणि आत वारा खेळला नाही तर आणखी लवकर. पुढच्या वर्षाच्या कामाची सोय होते.

सुकाणूसाठी ३१६ स्टेनलेसचं, खाऱ्या पाण्यातही टिकणारं बिजागर मागा, फाटकाचं मिळेल.

दोर मागितला तर "बैलाला का गाईला?" याचं उत्तर तयार ठेवा.

आता मुख्य सल्ला. तळाचा कुजलेला प्लाय काढला की नवा घ्यायला मोठ्या दुकानात जा. बाहेर बोर्डावर समुद्राच्या लाटा काढलेल्या असतील, तेच दुकान. "मरीन पाहिजे, ७१० नंबरचा" म्हणून सांगा, म्हणजे पाण्यात टिकणारा. मालक तुम्हाला चहा देईल, पोराला गोडाऊनला पाठवेल आणि शीटवर ठसठशीत शिक्का दाखवेल: आयएस ७१०, मरीन प्लायचं भारतीय मानक. कडेला छान लाल रंग असेल. "पंचवीस वर्षं बघायचं नाही साहेब, गॅरंटी." पक्कं बिल मागू नका, मूड जातो.

घरी आणून कडा नीट बघू नका. मी बघितली. लाल रंग बोटाला लागला. त्या रंगाखाली पुट्टी होती आणि नखाने पुट्टी टोकरली तर आत दोन थरांच्या मधे काडेपेटीची काडी सहज जाईल एवढी फट. मग मी एक वीतभर तुकडा कापला आणि जुन्या पातेल्यात उकळायला ठेवला. आयएस ७१० म्हणजे तुकडा ७२ तास उकळला तरी थर सुटता कामा नयेत. बायको म्हणाली, तीन दिवस गॅस कोण जाळणार? काळजी करण्याचं कारण नव्हतं. शेजारच्या शेगडीवर वरण शिजायच्या आत थर सुटे झाले. वरचा थर वेगळा, खालचा वेगळा आणि मधे कसलातरी काळपट लगदा.

तो तुकडा पिशवीत घालून दुकानात गेलो. मालक काय म्हणाला असेल?

"तुम्ही उकळला कशाला?"

मी म्हटलं, मरीन आहे ना? तर म्हणे, "मरीन आहे हो, पण तुम्ही पाण्यात टाकणार हे आधी सांगायला पाहिजे होतं. गॅरंटी किचन ट्रॉलीची आहे." कापलेला माल परत घेत नाही, असाही बोर्ड होता. तो मात्र खरा निघाला.

आता यातून काय सल्ला द्यायचा, सांगा! अरे बाबा, शिडात वारा भरला की डोलकाठीचा सगळा ताण कडेच्या आणि तळाच्या प्लायवर येतो. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, त्या फुगवट्याच्या मधोमध पोराला घेऊन मी जाणार, तो त्या शिक्क्याच्या भरवशावर. तिथे थर सुटले तर कोणाकडे येऊ परत? तुझ्या काउंटरवर? ज्या बाईच्या सिंकखाली तू हाच माल ठोकलास तिचंही दोन पावसाळ्यांत फुगणारच आहे, फक्त ती बुडणार नाही एवढंच. शिक्क्याचा रबर बनवून घ्यायला किती लागतात रे? आणि तो प्लायवर दाबताना हात जरा तरी अडखळतो का?

आणि "होडी पानीमा कव्हय जाई?" म्हणून रोज गेटवर थांबून हसणाऱ्यांनो, आळशी मी नाही. काम थांबलंय ते या शिक्केवाल्यामुळे आणि त्या उद्यावाल्यामुळे. हसायचं तर त्याच्या दुकानासमोर उभं राहून हसा.

आणि शेठ, तुम्ही एक करा. काउंटरवर गॅस आणि पातेलं ठेवा, मरीन मागणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तुकडा उकळून दाखवा. तेवढी हिंमत नसेल तर बोर्डावरच्या लाटा रंगवून बुजवा. रंगाचे ब्रश मी देतो, कोरे आहेत.