‘दीर्घिकांची टक्कर पाहिली कोणी?’ या मेसेजला उत्तर

रत्नागिरी-देवगडकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. दीर्घिकांचं (गॅलेक्सींचं, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचं) विलीनीकरण कोट्यवधी वर्षं चालतं, मग ते पाहिलं कोणी? एकामागे एक दिसणाऱ्या दीर्घिकांनाच टक्कर म्हणतात, फोटो रंगवतात. खरी टक्कर असती तर तारे फुटले असते. आणि शेजारची देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेवर आदळणार म्हणणारे आता शब्द फिरवतात. शाळकरी मुलंही तो पुढे ढकलताहेत, म्हणून लिहितोय.

‘पाहिली कोणी?’ एकच टक्कर आरंभापासून शेवटपर्यंत कोणीच पाहिलेली नाही, हे खरं. पण हापूसच्या बागेत एका कलमावर मोहोर, दुसऱ्यावर कणी, तिसऱ्यावर सुपारीएवढी कैरी एकाच दिवशी दिसते. तसेच टक्करीचे टप्पेही आकाशात एकाच वेळी दिसतात. खगोलशास्त्रज्ञ हॅल्टन आर्प यांनी १९६६ साली ३३८ चमत्कारिक दीर्घिकांच्या फोटोंचा संग्रह केला. त्यात जवळ येणाऱ्या, गुंतलेल्या, जवळपास एकजीव झालेल्या जोड्या आहेत.

‘एकामागे एक’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. एनजीसी ३३१४ या दीर्घिकांच्या जोडीत खरोखर तसंच आहे. म्हणून तर खगोलशास्त्रज्ञ प्रकाशाच्या वर्णपटातून दोघी दीर्घिकांचे वेग मोजतात, आणि ताऱ्यांच्या शेपट्या शोधतात. चंद्र जवळच्या बाजूला जास्त आणि लांबच्या बाजूला कमी ओढतो म्हणून आपल्या खाडीत भरती येते. तीच ओढ दीर्घिकांमधले तारे लांबच लांब खेचून काढते. हस्त नक्षत्रातल्या अँटेना दीर्घिकांना अशा दोन शेपट्या आहेत. आलार आणि युरी टूमरे या भावांनी १९७२ मध्ये कॉम्प्युटरला फक्त गुरुत्वाकर्षणाचं गणित घातलं, आणि तशाच शेपट्या उमटल्या. नुसत्या एका रेषेत आलेल्या दीर्घिकांना त्या फुटत नाहीत.

रंगांचं म्हणाल तर क्ष-किरण, अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांना रंग देतात. मोजमाप खरंच असतं. एनजीसी ६२४० या विलीन होत असलेल्या दीर्घिकेच्या पोटातली दोन कृष्णविवरं २००२ मध्ये चंद्रा या अवकाश दुर्बिणीला क्ष-किरणांतच सापडली.

तारे का फुटत नाहीत? सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, आणि त्याला सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षं, म्हणजे सुमारे ४० लाख कोटी किलोमीटर दूर. एवढ्या मोकळ्या जागेत ते एकमेकांशेजारून निघून जातात. आदळतो तो वायू. तो दाबला जातो आणि नव्या ताऱ्यांचा सपाटा सुरू होतो.

राहिली देवयानी. हबल अवकाश दुर्बिणीच्या मोजणीवरून २०१२ मध्ये सुमारे ४०० कोटी वर्षांनी टक्कर होणार असं गणित निघालं. २०२५ मध्ये गाया या अवकाश दुर्बिणीची आणि हबलची नवी मोजमापं घेतली, मोठा मॅजेलॅनिक मेघ या आपल्याजवळच्या छोट्या दीर्घिकेची ओढही धरली, तेव्हा पुढच्या १००० कोटी वर्षांत विलीनीकरणाची शक्यता साधारण निम्मीच उरली. याला शब्द फिरवणं म्हणत नाहीत. नवी मोजमापं आल्यावर जुनंच उत्तर धरून बसले असते, तर मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नसता.